विहीणबाईंचे काळे डोळे

६ फेब्रुवारी
ड्रायव्हिंग स्कूलच्या वरच्या घरातून

विहीणबाई,

नमस्कार. आमचं सगळं ठीक. ह्यांचा गुडघा हवामान खात्यापेक्षा बरा अंदाज देतो, एवढीच तक्रार. शिकवायला नवीन गाडी घेतली, लाल रंगाची. पहिल्याच दिवशी एकाने ती फाटकाला टेकवली, त्यामुळे आता ती आमच्यातलीच वाटते.

पत्र बघून तुम्हाला नवल वाटलं असेल. फोनवर मला हल्ली नीट ऐकू येत नाही, लाइनमध्येच काहीतरी खरखर असते. आणि जे विचारायचं आहे ते ओरडून विचारण्यासारखं नाही.

आडवळणं मला जमत नाहीत. माझ्याकडे गाडी शिकायला येणारी एक मुलगी तुमच्या खालच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या बाईंची भाची निघाली. परवा गिअर बदलता बदलता म्हणाली, "तुमच्या मुलीच्या सासूबाईंचे दोन्ही डोळे काळेनिळे झालेत म्हणे. मावशीने जिन्यात स्वतः बघितलं." मी तिला गाडी बाजूला घ्यायला लावली. पुढे ती जे बोलली ते सगळं लिहीत नाही, पण "घरात सून आहे ना" एवढं त्यात होतं.

ती सून म्हणजे माझी चिमी. तिला मी वाढवलंय, तिचा राग मला माहीत आहे. चिडली की ताट सरकवते, दार आपटते. हात उचललेला मी कधी पाहिला नाही. पण आपली पोर दुसऱ्या घरात कशी वागते ते आईला कुठे दिसतं? म्हणून थेट विचारते, काय झालं होतं? तिची चूक असेल तर पांघरूण घालू नका. मी तिची आई आहे, वकील नाही.

उत्तर लवकर लिहा. इथे माझा जीव टांगणीला लागलाय.

तुमची विहीण (मुलीकडची)


१४ फेब्रुवारी
नाट्यगृह, रंगपटातून

विहीणबाई,

तुमचं पत्र वाचून आधी हसू आलं, मग पुन्हा वाचलं तेव्हा तुमच्याबद्दल फार बरं वाटलं. "वकील नाही" हे वाक्य मी आमच्या नाटकवाल्यांना ऐकवणार होते, पण मग कारणही सांगावं लागलं असतं.

अहो, काही झालेलं नाही. रंगपटातलं कपाट. त्याचं दार नीट लागत नाही. खाली वाकून उठले आणि धाडकन बसलं तोंडावर. अर्धं आयुष्य मी लोकांच्या चेहऱ्यांना रंग लावतेय. मारामारीच्या प्रवेशात कोणाचा डोळा सुजलेला दाखवायचा असला की माझ्याकडेच पाठवतात. त्यामुळे माझेच डोळे काळे झाले तरी इथे कोणी विचारत नाही. आमचा नायक म्हणाला, "ताई, झकास जमलाय, पण जांभळा जरा जास्त झालाय." घरी जाताना मी त्यावर साधा रंग फिरवते. त्या दिवशी तेवढं राहून गेलं आणि नेमक्या शिवणवाल्या बाई जिन्यात भेटल्या.

आता तुमच्या मुलीबद्दल. दार आपटते, हे खरं. पण दोन मिनिटांनी तेच दार उघडून "चहा टाकू का?" विचारते. हल्ली दात घासताना माझ्या हिरड्यांतून रक्त येतं, तर स्वतः जाऊन मऊ ब्रश घेऊन आली. जीभही जड झालीय माझी, शब्द तोंडातच लोळतात. वय, दुसरं काय. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि मला धड बोलता येत नाही, तेव्हा आपल्याला पत्रंच बरी.

एक विनंती. हे तिच्या कानावर घालू नका. मनाला लावून घेईल.

तुमची विहीण (मुलाकडची)


२० फेब्रुवारी

विहीणबाई,

तुमची विनंती उशिरा पोचली. पत्र यायच्या आदल्याच दिवशी मला राहवलं नाही आणि मी चिमीला फोन केला. म्हटलं, "सासूबाईंच्या डोळ्यांना काय झालंय?" ती म्हणाली, "काय झालंय?" म्हणजे तिला काही माहीतच नव्हतं, किंवा मला तसं ऐकू आलं. मग मी नको ते विचारून बसले. त्यानंतर ती जे बोलली ते मात्र शब्दन् शब्द ऐकू आलं. "आई, तू मला ओळखतेस की नाही?" आणि फोन ठेवला. तेव्हापासून उचलत नाही.

दुसरं, तुमचं ते कपाटाचं दार. मी आयुष्यभर ठोकलेल्या गाड्या बघितल्यात. गाडी खांबाला लागली तर एक दिवा फुटतो. दोन्ही दिवे फुटले आणि मधला बंपर शाबूत असला, तर सांगणारा खोटं बोलतोय. तुमचे दोन्ही डोळे काळे झाले, मग नाक कसं वाचलं? कपाळावर टेंगूळ कसं नाही? तुम्ही कोणाला तरी वाचवताय. माझी मुलगी नसेल तर मग घरात उरलं कोण? जावईबापूंबद्दल असं लिहिताना माझा हात जड होतोय, पण विचारलं नाही तर झोप लागायची नाही.

खरं काय ते लिहा, नाहीतर मी गाडी काढते.

तुमची विहीण (मुलीकडची)


१ मार्च

विहीणबाई,

गाडी काढू नका. घरात एकमेकांकडे टक लावून बघायला आहोत तेवढी माणसं पुरेशी आहेत.

तुमच्या फोननंतर चिमी माझ्या खोलीत आली, दिवा लावला आणि म्हणाली, "आई, रंग पुसा." मी हसण्यावारी नेलं. मग मुलगा पाणी शुद्धीकरण केंद्रातली पाळी संपवून आला. त्याने तिला विचारलं, "तू आईला काही बोललीस का?" ती म्हणाली, "तू काही केलंस का?" तेव्हापासून दोघं माझ्यामार्फत बोलतात. "आई, त्याला सांगा, डबा भरलाय." "आई, तिला सांग, दिसलाय." मी मध्ये बसलेली, तोंडावर रंगाचा थर. माझ्यापायी दोन गुणी मुलं एकमेकांवर संशय घेतायत. म्हणून तुम्हाला तरी खरं सांगते.

कपाट नव्हतं. कोणी मला हातही लावलेला नाही. पावडर नाकात गेली, ओळीने शिंका आल्या, आणि आरशात पाहिलं तर दोन्ही पापण्यांवर जांभळं उतरत होतं. जणू कोणी माझ्याच डब्यातला रंग घेऊन मला लावतंय. दुखत काहीच नाही. पुढच्या खेपेला नटाच्या बुटांचे बंद बांधायला वाकले, तेव्हा पुन्हा तेच. पिशवीचा पट्टा दंडाला घासला तरी डाग उठतो. आता "काही न होता डोळे काळे झाले" हे कोणाला पटणार? कपाट लगेच पटतं. आणि कपाट म्हटलं की मलाही जरा बरं वाटायचं. कपाटाला घाबरायचं कारण नसतं.

नवं नाटक उभं राहतंय. सगळी पात्रं म्हातारी आणि सगळे नट पंचविशीतले, म्हणजे नुसत्या सुरकुत्याच सुरकुत्या. आजारी म्हटलं की मला घरी बसवतील. पहिला प्रयोग झाला की घरात सांगते आणि डॉक्टरकडेही जाते, शब्द देते. तोवर एक दाढ ठणकतेय, ती शनिवारी काढून घेते. चिमी सोबत येतेय. रस्त्यात बोलेल अशी आशा आहे.

तुमची विहीण (मुलाकडची)


९ मार्च
रुग्णालयाच्या व्हरांड्यातून

आई,

आधी हे वाच: सासूबाई आता बऱ्या आहेत. आता बाकीचं. फोनवर तुला निम्मं ऐकू आलं असतं आणि उरलेलं तू मनाने भरलं असतंस, म्हणून लिहितेय. तिकडे निघालेल्या बसच्या ड्रायव्हरकडे पत्र देते. तुझाच विद्यार्थी आहे, तुझं नाव काढल्यावर सरळ बसला.

शनिवारी त्यांची दाढ काढली. दंतवैद्य म्हणाले, कापूस दाबून धरा, थांबेल. थांबलं नाही. कापूस बदलत राहिलो, मग रुमाल, मग टॉवेल. संध्याकाळी मी त्यांना रिक्षात घालून इथे आणलं. त्या सारख्या खुणेने सांगत होत्या, काही नाही, काही नाही.

नर्स ओल्या कापडाने त्यांचं तोंड पुसायला लागली. हनुवटीवरचं रक्त पुसता पुसता गालावरचा रंग निघाला, मग डोळ्यांभोवतीचा. खालून दोन जांभळी वर्तुळं निघाली. मी बघतच राहिले. रोज मी त्या चेहऱ्यासमोर जेवायला बसते, आई. नर्सने माझ्याकडे पाहिलं. डॉक्टरीणबाईंनी पाहिलं. म्हणाल्या, "तुम्ही जरा बाहेर थांबा."

दार पूर्ण लागलं नव्हतं. आतून ऐकू येत होतं.

"घरी तुम्हाला कोणी मारतं का? घाबरू नका, सांगा मला."

"कोण मारणार? ती बाहेर उभी आहे ती?" सासूबाई तोंडात कापूस धरूनच बोलत होत्या. "ती मास्तरीण आहे हो. मारायचं ठरवलंच तर आधी तीन वेळा समजावून सांगेल."

"मी थट्टा करत नाहीये."

"मीही नाही. मला शिंक आली की डोळे काळे होतात. कपाटाचं मी खोटं सांगितलं होतं, हे खोटं नाही."

"कुठलं कपाट?"

मग डॉक्टरीणबाईंचा आवाज बदलला. "जीभ बाहेर काढा बघू."

मला आत बोलावलं तेव्हा मीही पाहिली. जीभ एवढी जाड झालीय की कडेने सगळीकडे दातांचे ठसे उठलेत, झालर लावल्यासारखे. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, बोटांना मुंग्या येतात का? येतात. पाय सुजतात का? सुजतात. दम लागतो का? जिन्यात लागतो. यातलं एकही मला माहीत नव्हतं. रक्त तपासलं तर ते गोठायला हवं त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ घेतंय. रक्तातला गोठवणारा भाग बाहेरून चढवला, हिरडीला टाके घातले, औषध दिलं, तेव्हा कुठे आज थांबलं. आता पोटाच्या कातडीखालची चरबी सुईने काढून तपासणार आहेत. आत कुठे सुई घालायला ते घाबरतायत. एक मोठं नाव घेतात, पण खात्री झाल्याशिवाय सांगणार नाहीत म्हणे.

डॉक्टरीणबाई जाताना थांबल्या आणि म्हणाल्या, "तुमच्याबद्दल माझा गैरसमज झाला. माफ करा." मी म्हटलं, "रांगेत तुमच्याआधी माझी आई आहे."

अजून रागावलेलीच आहे मी तुझ्यावर. पण ये.

चिमी


२२ एप्रिल
ड्रायव्हिंग स्कूलच्या वरच्या घरातून

विहीणबाई,

सुखरूप पोचले. निघताना तुम्ही झोपला होतात म्हणून निरोप राहिला. इतके दिवस तुमच्याकडे राहून आता इथलं घर मोठं वाटायला लागलंय.

तुमचं दुखणं आमच्या ह्यांना समजावून सांगायला बसले. तुम्हाला लिहिते, चुकलं असेल तर सांगा. नाव अमायलॉयडोसिस. डॉक्टरीणबाईंनी ते तीनदा सांगितलं, तिन्ही वेळा मला वेगळं ऐकू आलं, शेवटी त्यांनी लिहून दिलं. हाडांच्या आतल्या मगजात काही पेशी बिघडतात आणि एक खराब प्रथिन बनवत सुटतात. ते विरघळत नाही, गाळासारखं अवयवांत बसतं. जिभेत बसलं म्हणून जीभ जाड, मनगटात बसलं म्हणून बोटांना मुंग्या. बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींत बसलं, म्हणून त्या नुसत्या शिंकेने फुटतात आणि डोळे काळे होतात. आणि रक्त थांबवणाऱ्या साखळीतला दहावा घटक, तो फॅक्टर टेन, या गाळालाच चिकटून बसतो. रक्तात उरतच नाही. मग थांबवणार कोण?

मला तिथे "ट्रॅक्टर टेन" ऐकू आलं होतं. मी विचारलं, "यांच्या अंगात ट्रॅक्टर कुठून आला?" तुम्ही टाके घातलेल्या तोंडाने हसलात आणि नर्स माझ्यावर खेकसली, पेशंटला हसवू नका म्हणून. रुग्णालयातून बाहेर काढायची वेळ आलेली मी पहिलीच विहीण असेन.

हृदय अजून शाबूत आहे, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या तेव्हा जावईबापू खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, नुसती भिंत होती. त्यांच्याबद्दल मी जे लिहिलं होतं ते तुम्ही फाडून टाकलं असेल अशी आशा आहे.

चिमीशी माझं मिटलं. निघायच्या दिवशी तिला गाडीत बसवलं आणि म्हटलं, "चुकलं माझं." ती म्हणाली, "मोठ्याने बोल, ऐकू आलं नाही." मी मोठ्याने म्हटलं. रस्त्यावरच्या माणसांनी वळून पाहिलं. मग ती म्हणाली, "पहिल्यांदाच ऐकू आलं होतं."

इंजेक्शन चुकवू नका.

तुमची विहीण (मुलीकडची)


११ जून
रंगपटातून

विहीणबाई,

तुमचा मजकूर डॉक्टरीणबाईंना वाचून दाखवला. म्हणाल्या, बरोबर आहे, फक्त ट्रॅक्टर गाळा.

आठवड्याला एक इंजेक्शन, पोटाच्या कातडीत. सोबतच्या गोळ्या अशा आहेत की त्या घेतल्या त्या दिवशी मी सगळी भांडी घासून पुन्हा घासते, आणि दोन दिवसांनी चमचा उचलायचाही कंटाळा येतो. नाक जोरात शिंकरायचं नाही, जड उचलायचं नाही, अंगदुखीची गोळी मनाने घ्यायची नाही, खाली वाकायचं नाही. चिमी हे सगळं वर्गात विचारल्यासारखं मला विचारते आणि मी उभं राहून उत्तर देते. नाटकवाल्यांनी मला उंच खुर्ची करून दिलीय. अर्धं आयुष्य मी नटांपुढे वाकले, आता ते माझ्यापुढे गुडघे टेकतात. राजाचं काम करणारासुद्धा.

शिवणवाल्या बाई येऊन रडून गेल्या. मी म्हटलं, "अहो, तुम्ही पाहिलं ते खरंच होतं. खोटं मी बोलत होते." तेव्हा त्या आणखी रडल्या. मग दोघींनी चहा घेतला.

उत्तराला उशीर झाला त्याचं कारण सांगते. मध्ये डावा पाय एकदम जास्त सुजला. माझ्या मूत्रपिंडातून प्रथिन गळतंय, आणि अशा माणसांचं रक्त कधी कधी नको तिथे गोठतंही म्हणे. म्हणजे एकीकडे थांबत नाही म्हणून काळजी आणि दुसरीकडे गोठेल म्हणून काळजी. तपासणी होईपर्यंत चिमी माझा हात धरून बसली होती, ओठ हलत होते. "काय म्हणतेस?" विचारलं तर म्हणाली, "एकोणतीसचा पाढा." गाठ निघाली नाही, नुसतं पाणी होतं. येताना तिघांनी आइसक्रीम खाल्लं.

एक गोष्ट मात्र मनाला लागलीय. उजव्या हाताची बोटं. ब्रश हातात असला तरी तो आहे हे कळत नाही. परवा एका नटाची भुवई काढताना रेघ कानापर्यंत गेली. तो पोरगा म्हणाला, "असू दे ताई, मी राक्षसच आहे." पण राक्षसाचीही भुवई जागेवर हवी. मनगटात नस दाबली गेलीय. छोटं ऑपरेशन करून ती मोकळी करता येते, पण सर्जन हात लावायला तयार नाहीत. दहावा घटक इतका कमी असताना कापलं तर थांबवायचं कसं? औषधाने आधी तो वर यायला हवा. काहींचा येतो, काहींचा येत नाही. घरात मी हे हसत हसत सांगितलं. तुम्हाला हसत लिहीत नाहीये.

आता तुमचं. लाइनमध्ये खरखर असते म्हणता. माझ्यासमोर बसला होतात तेव्हा तर मध्ये लाइनच नव्हती, तरी ट्रॅक्टर आला. मी डोळ्यांवर रंग फिरवत होते, तुम्ही टेलिफोनवर खापर फोडताय. गाडी शिकवणाऱ्या बाईला मागचा भोंगा ऐकू यायला हवा, विहीणबाई. कान तपासून घ्या. मी दर आठवड्याला सुई टोचून घेते, तुम्ही एकदा जाऊन खुर्चीत बसायला काय हरकत आहे?

तुमची विहीण (मुलाकडची)


३ ऑगस्ट

विहीणबाई,

तुमच्या पत्राचा मला राग आला होता. ह्यांना म्हटलं, "मी बहिरी आहे का हो?" ते काहीतरी म्हणाले. काय ते ऐकू आलं नाही.

मग मागच्या महिन्यात मागून एक टँकर भोंगा देत आला. शेजारी शिवणवाल्या बाईंची भाची होती. ती "बाई, बाई" म्हणून ओरडत होती म्हणे. मला ना भोंगा ऐकू आला ना ती, मी आपली वळा वळा सांगतेय. तिनेच ब्रेक दाबला आणि गाडी जागच्या जागी थांबवली. शिकवलं मी चांगलंच होतं. पण दुसऱ्याच दिवशी जाऊन कान तपासले. आता कानात यंत्र आहे.

घरात एवढे आवाज आहेत हे मला माहीत नव्हतं. नळ गळतो. जिन्याची चौथी पायरी करकरते. आमचे हे जेवताना गुणगुणतात, तेही बेसूर. आणि मी काही बोलले की हळूच पुटपुटतात. इतकी वर्षं मी त्यांना अबोल समजत होते. परवा पुटपुटले, "हिला सांगून काय उपयोग." मी म्हटलं, "सांगून तर बघा." त्यांच्या हातातला चमचा पडला. त्याचाही आवाज आला.

तुमचं रक्त म्हणजे अशी गाडी झाली, की हवा तिथे ब्रेक लागत नाही आणि नको तिथे बंद पडते. ही शिकवायला मी घेतली नसती. पण तुमच्या हाताचं तुम्ही हसत लिहिलं नाहीत, ते बरं केलंत. "सगळं ठीक होईल" असं मला बोलता येत नाही. धुक्यात गाडी चालवणाऱ्याला मी एवढंच सांगते, वेग कमी कर, दिवे चालू ठेव, मी शेजारी बसलेय. पुढच्या इंजेक्शनला मी येतेय. खुर्ची तुमच्या शेजारी ठेवायला सांगा.

तुमची विहीण (मुलीकडची)


२६ नोव्हेंबर

विहीणबाई,

अक्षरावरून ओळखलं असेल, लिहितेय तुमची मुलगी, सांगतेय मी. कारण माझा उजवा हात पट्टीत आहे. म्हणजे काय झालं असेल, ओळखा बघू. पट्टी का असावी बरं?

(आई, हाताचं ऑपरेशन झालं. छान झालं. यांना ही बातमी पानभर ताणायची होती.)

तुमची मुलगी अशी मध्ये मध्ये घुसणार आहे, तुम्हीच वाढवलीय, सोसा. तर, ऑगस्टपर्यंत सगळं जिथल्या तिथे होतं. तुम्ही शेजारी बसून गेलात त्यानंतर खराब प्रथिन उतरायला लागलं. दहावा घटक मात्र हलेना. डॉक्टरीणबाई दर वेळी म्हणायच्या, गाळ लगेच जात नाही, वाट बघू. मी वाट बघत डाव्या हाताने सुरकुत्या काढायला शिकले. सगळे म्हातारे जरा तिरके दिसायचे. मग गेल्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट वाचला, पुन्हा वाचला, आणि माझ्यासमोरच सर्जनना फोन लावला. घटक निम्म्याच्या वर आला होता. "दुखणं गेलेलं नाही, शांत बसलंय. औषध आणि तपासण्या चालू ठेवायच्या," असं मला बजावलं. शांत बसलेल्याला मी कशाला उठवतेय.

ऑपरेशनला फक्त हात बधिर केला होता. मध्ये पडदा. सर्जन अगदी गप्प. मी विचारलं, "डॉक्टर, कुठवर आलं?" म्हणाले, "नस मोकळी झाली." म्हटलं, "आणि रक्त?" म्हणाले, "कुठलं रक्त?"

(हे रंगवून सांगतायत. मी सर्जनना स्वतः विचारलं. ते म्हणाले, "थोडं आलं, दाबून धरलं, थांबलं.")

बरं, आलं आणि थांबलं. तेच तर सांगतेय. आजवर कात्रीने, पत्र्याने कितीदा कापून घेतलं असेल, रक्त थांबतं हे कधी डोळ्यांनी पाहिलंसुद्धा नाही. या वेळी टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, पण एक हात गुंतलेला.

(तुझे जावईबापू पाळी करून तसेच आले होते, बाकावर झोपले होते. हलवून सांगितलं, "थांबलं." तो म्हणाला, "कोण?" मग कळलं, तेव्हा चेहरा ओंजळीत धरून बसला. नंतर म्हणतो, झोपेने डोळे चुरचुरत होते.)

माझ्या मुलाला रडता येत नाही, आईला फसवता येत नाही, बाकी गुणी आहे. बोटांच्या मुंग्या अजून पूर्ण गेलेल्या नाहीत. पण काल चिमीने मला डोळे मिटायला लावले आणि बोटांच्या टोकांवरून काहीतरी फिरवलं. मी म्हटलं, कापूस.

(बरोबर. मग मी फसवायला नुसती फुंकर मारली. म्हणाल्या, "ही फुंकर. आणि तू सकाळपासून काही खाल्लेलं नाहीस.")

नव्या वर्षात नवं नाटक आहे. त्यात एकही म्हातारा नाही, सगळे तरुण. तुम्ही आणि व्याही दोघांनी यायचं. व्याह्यांना गुणगुणायची परवानगी फक्त मध्यंतरात. बाकी

(आई, "बाकी" म्हणून सांगणाऱ्या बाई उठून गेल्यात. बराच वेळ झाला, आल्या नाहीत. स्वयंपाकघरात पाटावर सुरीचा आवाज येतोय. थांब, बघून येते.

बघून आले. डाव्या हाताने कांदा चिरायला बसल्यात, पट्टीच्या हाताने तो दाबून धरलाय. मी म्हटलं, "आई, सुरी ठेवा, बोट कापेल." वर न बघता म्हणाल्या, "कापलं तर थांबेल की गं आता.")